तरुण नेतृत्व आणि आंतरराष्ट्रीय सन्मान : मस्तगडावरून एक दृष्टिक्षेप

कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या जालना शहरात मस्तगड हे नाव ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. इ. स. १७२५ मध्ये काबिलखानाने बांधलेला हा भुईकोट लढाईपेक्षा लोकांच्या नित्याच्या कामकाजामुळेच अधिक परिचित झाला. याच्या आवारात दीर्घकाळ नगरपालिकेचा कारभार चालला. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, नळपट्टी यांसाठी येथे येणाऱ्या नागरिकांच्या किती पिढ्या गेल्या याची गणती नाही. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०२३ साली या शहराला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. ‘जालना, सोने का पालना’ ही जुनी म्हण व्यापाराच्या भरभराटीवरून पडली असली, तरी बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी ती विसाव्या शतकात पुन्हा सार्थ केली.

अशा या गावातील एखादा तरुण वा तरुणी समाजासाठी काही नवे, धाडसाचे आणि टिकाऊ काम करीत असेल, तर त्याची दखल जगाला केव्हा आणि कोणत्या मार्गाने मिळते? होतकरू तरुण नेतृत्वाचा गौरव करणाऱ्या अनेक योजना जगभर आहेत. काही पारितोषिक देतात, काही शिष्यवृत्ती देतात, तर काही केवळ मानपत्र आणि ओळखी देतात. या योजनांची कार्यपद्धती आणि महाराष्ट्राचा त्यांच्याशी आलेला संबंध यांचा परिचय करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

चौतीस वर्षांचे अंतर

या प्रश्नाचे एक उत्तर जालन्यातच मिळते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले श्री. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालना येथे ‘महिको’ या बियाणे कंपनीची स्थापना केली. तेव्हा ते तिशीच्या आरंभी होते. भेंडीच्या सुधारित वाणाच्या बीजोत्पादनापासून त्यांनी प्रारंभ केला होता. शेतकऱ्याच्याच शिवारात बियाणे तयार करून घ्यावे, त्याची प्रत तपासून घ्यावी आणि ते छोट्या शेतकऱ्यापर्यंत पोचवावे, ही त्यांची पद्धत त्या काळात नवी होती. संकरित ज्वारी, बाजरी आणि कापूस यांच्या प्रसारात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. हरितक्रांतीचे प्रणेते डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्या पुढाकाराने १९८६ साली सुरू झालेला ‘जागतिक अन्न पुरस्कार’ श्री. बारवाले यांना १९९८ साली देण्यात आला. तीन वर्षांनी भारत सरकारने त्यांना ‘पद्मभूषण’ने गौरविले.

१९६४ ते १९९८ हे अंतर चौतीस वर्षांचे आहे. पुरस्कार मिळाला तेव्हा बारवाले यांचे काम पूर्णत्वास गेले होते. कंपनी उभी होती, बाजारपेठ तयार होती. सन्मानामुळे त्यांच्या कर्तृत्वावर मोहोर उमटली, परंतु कर्तृत्व घडण्यास त्याचे साहाय्य झाले असे म्हणता येणार नाही. ज्या वर्षांत भांडवल अपुरे होते आणि नव्या बियाण्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसावयाचा होता, त्या वर्षांत आयोवाहून कोणीही पत्र धाडले नव्हते.

हे उदाहरण एकटे नाही. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी गडचिरोलीच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचे काम १९७३ साली हाती घेतले. त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो २००८ साली. म्हणजे पस्तीस वर्षांनी. खुद्द बाबा आमटे यांना हाच पुरस्कार १९८५ साली मिळाला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

सिद्ध झालेल्या कामाचा गौरव करणे सोपे असते. घडत असलेले काम हेरणे अवघड, कारण त्यात चूक होण्याचा संभव असतो. तरुण नेतृत्वासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय योजनांचे वेगळेपण यातच आहे. त्यांनी हा धोका पत्करलेला असतो.

चाळिशीची रेषा

तरुण कोणास म्हणावे, याविषयी या योजनांत एकमत नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाची ऱ्होड्स शिष्यवृत्ती विशीतल्या पदवीधरांसाठी आहे. केवळ परीक्षेतील गुणांवर न जाता चारित्र्य, इतरांविषयीची आस्था आणि नेतृत्वाची वृत्ती पाहून ती द्यावी, असा सेसिल ऱ्होड्स याच्या मृत्युपत्राचा आशय होता. भारतीयांना ती १९४७ पासून मिळू लागली. माथेरान येथे जन्मलेले नाटककार गिरीश कार्नाड हे या शिष्यवृत्तीचे मानकरी. ऑक्सफर्डमध्ये असतानाच १९६३ साली ते तेथील विद्यार्थ्यांच्या सुप्रसिद्ध वादसभेचे अध्यक्ष झाले होते.

याउलट बहुतेक पारितोषिकांनी चाळीस ही मर्यादा मानलेली दिसते. १९१५ साली अमेरिकेतील सेंट लुई शहरात सुरू झालेली आणि महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या गावांना ‘जेसीज’ या नावाने परिचित असलेली संघटना आपल्या सदस्यत्वासाठीही हीच मर्यादा पाळते. जगातील दहा उल्लेखनीय तरुण व्यक्तींची निवड ही संघटना १९८३ पासून करीत आली आहे. दाव्होस येथील जागतिक आर्थिक मंचाच्या तरुण नेत्यांच्या यादीचा निकषही चाळिशीच्या आतला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१६ साली शाश्वत विकासाच्या ध्येयांसाठी तरुण नेत्यांची निवड सुरू केली. तिचा रोख त्याहून लहान वयावर आहे. पहिल्या सतरा जणांत मुंबईच्या तृषा शेट्टी यांचा समावेश होता. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांना कायदेशीर व अन्य साहाय्य मिळावे म्हणून त्यांनी संस्था उभारली होती.

चाळीस वर्षे ही मर्यादा शहरातील उच्चशिक्षितास पुरेशी वाटेल. ग्रामीण भागात मात्र ती फार अपुरी पडते, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. परतूर, मंठा किंवा भोकरदन तालुक्यातील मुलगी शिक्षण पुरे करून, घरच्यांची संमती मिळवून, गावाचा विश्वास संपादन करून कामाला लागेपर्यंत तिशी उलटून जाते. उरलेल्या दहा वर्षांत काम उभे राहावे, दिसावे आणि ते कोणीतरी मनिला वा न्यूयॉर्कपर्यंत पोचवावे, हे तितकेसे सहज घडणारे नव्हे.

मॅगसेसे पुरस्कार आणि महाराष्ट्र

आशिया खंडात या क्षेत्रात सर्वांत प्रतिष्ठेचे नाव रॅमन मॅगसेसे पुरस्काराचे आहे. फिलिपाइन्सचे राष्ट्राध्यक्ष रॅमन मॅगसेसे यांचे १७ मार्च १९५७ रोजी विमान अपघातात निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेतील रॉकफेलर बंधूंच्या निधीतून हा पुरस्कार सुरू झाला. त्याचे वितरण मॅगसेसे यांच्या जन्मदिनी, ३१ ऑगस्ट रोजी, मनिला येथे होण्याची प्रथा पडली. १९५८ च्या पहिल्याच वर्षी सामाजिक नेतृत्वाचा पुरस्कार आचार्य विनोबा भावे यांना आणि पुढच्या वर्षी शासकीय सेवेचा पुरस्कार श्री. चिंतामणराव देशमुख यांना मिळाला. दोघेही आजच्या रायगड जिल्ह्याचे सुपुत्र. दोघेही त्या वेळी साठीच्या घरात होते.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी पुरस्काराच्या विश्वस्तांनी फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने एक नवा विभाग निर्माण केला. ‘उदयोन्मुख नेतृत्व’ हे त्याचे नाव. चाळीस वर्षे वा त्याहून कमी वयाच्या व्यक्तींसाठी तो राखून ठेवण्यात आला. भारतातून २००२ साली श्री. संदीप पांडे आणि २००६ साली माहितीच्या अधिकाराच्या कार्यासाठी श्री. अरविंद केजरीवाल यांची या विभागात निवड झाली.

या पुरस्कारासाठी कोणालाही स्वतःचे नाव सुचविता येत नाही. विविध देशांतील जाणकार व्यक्ती आणि संस्था यांच्याकडून नावे मागविली जातात. त्यांची गुप्तता पाळली जाते. त्यानंतर प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन चौकशी होते आणि अंतिम निर्णय विश्वस्त मंडळ घेते. अनेकदा संबंधित व्यक्तीला आपल्या कामाची अशी तपासणी होऊन गेली याचा पत्ताही नसतो. दारात आलेला पाहुणा नेमका कशासाठी आला होता, याचा उलगडा मग मनिलाहून निरोप आल्यावर होतो.

बहादरपूरच्या गोधड्या

जालन्याच्या वाचकाला सर्वांत जवळचे वाटेल असे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुक्यात आहे. बहादरपूर या गावच्या नीलिमा मिश्रा यांनी पुणे विद्यापीठातून मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. त्यानंतर पाबळ येथील विज्ञान आश्रमाचे डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या सहवासात त्यांनी काम केले. शहरात नोकरीचा मार्ग मोकळा असताना त्या आपल्या गावी परतल्या आणि १९९५ साली त्यांनी ‘भगिनी निवेदिता ग्रामीण विज्ञान निकेतन’ ही संस्था स्थापन केली.

प्रारंभीच्या वर्षांत गावकऱ्यांचा प्रतिसाद बेताचा होता. बाहेरून एखादी योजना आणून ती गावाला देण्यापेक्षा गावाला काय येते आणि काय हवे आहे याचा शोध घेण्यात त्यांनी बराच काळ घालविला. स्त्रियांचे बचत गट उभे राहिले. गटातील स्त्रियांना जे हातचे येत होते, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणे, त्यालाच त्यांनी व्यवसायाचे रूप दिले. नव्या कापडाच्या, नेटक्या शिलाईच्या गोधड्या शहरात आणि परदेशातही विकल्या जाऊ लागल्या. पुढे शेतकऱ्यांसाठी फिरता निधी आला, शौचालये आली. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी लागणारी रक्कम वेळेवर आणि सावकाराशिवाय मिळावी, हा त्या निधीचा हेतू. आत्महत्यांच्या बातम्यांनी ग्रामीण महाराष्ट्र व्यथित झालेला असताना हा हेतू किती मोलाचा होता, हे मराठवाड्यातील वाचकाला सांगावयास नको.

२०११ साली नीलिमा मिश्रा यांना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला. तेव्हा त्यांच्या वयाची चाळिशी पूर्ण व्हावयाची होती. संस्थेच्या स्थापनेपासून सोळा वर्षे लोटली होती. चौतीस आणि पस्तीस वर्षांच्या तुलनेत हा काळ निम्म्याहूनही कमी आहे. २०१३ साली ‘पद्मश्री’ने त्यांचा गौरव झाला. बहादरपूरला ना मोठा उद्योग होता, ना विद्यापीठ. गोधडीसारखी प्रत्येक घरात असलेली वस्तू हेच तेथील भांडवल होते.

जामखेडचा कागद

आणखी मागे गेल्यास बीड जिल्ह्याच्या सीमेलगतचे जामखेड लागते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी त्यांना फुलब्राइट योजनेचे साहाय्य लाभले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते १९७० साली जामखेडला आले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अवघ्या नऊ वर्षांत.

हे इतक्या लवकर कसे घडले? त्यांचे काम थोर होते हे तर खरेच. अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर ग्रामीण स्त्रियांना प्रशिक्षण देऊन गावची आरोग्यसेविका बनविण्याचा त्यांचा प्रयोग जगाला अपूर्व वाटला. परंतु थोर काम हेमलकशालाही होत होते. फरक पडला तो नोंदींमुळे. कामाच्या प्रारंभीच त्यांनी गावोगावची पाहणी केली. दर हजार जन्मांमागे बालमृत्यूचे प्रमाण १७६ इतके आढळले होते. हा आकडा लिहून ठेवलेला होता, म्हणूनच पुढील घट दाखविता आली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून चाललेल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते आणि ते आरोळे दांपत्यानेच लिहिले होते. १९७८ साली आल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला, तेव्हा जामखेडचे नाव तज्ज्ञांना ठाऊक झालेले होते.

लहान गावांतील कार्यकर्त्यांना नोंदी ठेवणे ही कारकुनी वाटते. हा गैरसमज त्यांच्या कामाचे मोठे नुकसान करतो. जालना जिल्ह्यातच कडवंची येथे १९९० च्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमांतर्गत पाणलोटाचे काम झाले आणि दुष्काळी शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले हे काम पाहण्यास आजही लोक येतात. कामापूर्वीचे शिवार आणि नंतरचे शिवार यांची तुलना करता येते, याचे कारण मोजमाप झालेले होते हेच होय.

विनोबांची पदयात्रा आणि ‘अशोका’

पुरस्काराहून वेगळी, आणि कदाचित तरुणांना अधिक उपयोगी, अशी पद्धत ‘अशोका’ या संस्थेची आहे. बिल ड्रेटन या अमेरिकन गृहस्थाने ती १९८० साली स्थापन केली. विद्यार्थिदशेत, १९६३ साली, ड्रेटन भारतात आले होते आणि विनोबांच्या भूदान पदयात्रेत काही काळ चालले होते. एका माणसाच्या कल्पनेने आणि चारित्र्याच्या बळावर गावेच्या गावे हलताना त्यांनी पाहिली. संस्थेला त्यांनी सम्राट अशोकाचे नाव दिले आणि कामाचा प्रारंभही भारतातून केला. पहिल्या मानकरी ठरल्या त्या मुंबईच्या शिक्षिका ग्लोरिया डिसूझा. मुलांनी पाठांतर न करता परिसराच्या निरीक्षणातून शिकावे, ही त्यांची धडपड होती.

या संस्थेचे मानधन पूर्ण झालेल्या कामासाठी नसून करावयाच्या कामासाठी असते. नोकरी सोडून सुमारे तीन वर्षे पूर्णवेळ आपल्या कल्पनेला वाहून घेता यावे, एवढी तरतूद केली जाते. निवड करताना कल्पना नवी आहे काय, माणूस सर्जनशील आहे काय, ती शेवटास नेण्याची त्याची जिद्द आहे काय आणि तिचा समाजावर व्यापक परिणाम होईल काय, हे पाहिले जाते. पाचवा निकष सचोटीचा आहे. तो कागदावर सिद्ध करता येत नाही. म्हणूनच मुलाखती प्रदीर्घ असतात आणि त्या एकाहून अधिक व्यक्ती घेतात.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे काम करणाऱ्या चेतना गाला-सिन्हा याही ‘अशोका’च्या मानकरी. माण तालुक्यातील कष्टकरी स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचा त्यांचा अर्ज रिझर्व्ह बँकेने प्रथम नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या स्त्रिया साक्षरतेच्या वर्गाला बसल्या. पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या तेव्हा त्यांनी आव्हान दिले की, कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्हांस तोंडी विचारा आणि आपण यंत्रावर काढा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. २०१८ साली दाव्होसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीचे सहअध्यक्षपद चेतना सिन्हा यांना मिळाले. दाव्होसच्या मंचापेक्षा व्याजाचा तो हिशेब अधिक लक्षात राहण्याजोगा आहे, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही.

शासकीय सेवेतील तरुणालाही ही दारे बंद नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून कविता, चित्रफिती आणि स्वाध्याय मुलांच्या हाती देण्याची त्यांची कल्पना शासनाने राज्यभरच्या पुस्तकांत आधीच स्वीकारली होती. दहा लाख डॉलरच्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

जिल्ह्यातून जगाकडे

मस्तगडावरून पाहता या सगळ्या योजना दूरच्या वाटतात. त्यांतील पहिला अडसर भाषेचा आहे. बहुतेक अर्ज आणि शिफारशी इंग्रजीत द्याव्या लागतात. मराठीत उत्तम काम करणारा आणि उत्तम बोलणारा तरुण येथे अडखळतो. महाविद्यालयातील इंग्रजीच्या प्राध्यापकांनी वर्षातून एखाद्या कार्यकर्त्याच्या कामाचा वृत्तान्त इंग्रजीत उतरवून दिला, तरी हा अडसर बराच दूर होईल. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत आहे. तिच्या शिबिरांतून पुढे आलेल्या मुलामुलींची नावे व कामे प्रत्येक महाविद्यालयाला ठाऊक असतात. ती कार्यक्रमाधिकाऱ्याच्या कपाटातच राहतात एवढेच. रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र जालन्यास सुरू झाल्यापासून जिल्ह्यात बाहेरचे अध्यापक आणि विद्यार्थीही येऊ लागले आहेत. त्यांचाही या कामी उपयोग व्हावा.

दुसरा अडसर शिफारशीचा. जेथे स्वतः अर्ज करता येत नाही, तेथे नाव सुचविणारा माणूस लागतो. जिल्ह्यातील ज्येष्ठ संस्थाचालक, प्राचार्य, डॉक्टर, संपादक यांनी आपल्या परिसरातील तरुण कामाकडे या दृष्टीने पाहिलेले दिसत नाही. राज्य शासनाचा जिल्हा युवा पुरस्कार ही या वाटेवरील पहिली पायरी ठरू शकते. त्यासाठी सिद्ध केलेली कागदपत्रे पुढील शिफारशींनाही कामी येतात. परदेशी उच्च शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे साहाय्य मिळते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेले बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर पुढे १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे करतात आणि मराठवाड्यातील तरुणांच्या पिढ्या तेथे शिकतात. एका शिष्यवृत्तीचे व्याज किती काळ मिळत राहते, ते यावरून दिसते.

शेवटी एका सावधगिरीचा उल्लेख करावयास हवा. ‘आंतरराष्ट्रीय’, ‘जागतिक’, ‘ग्लोबल’ अशी विशेषणे लावून तरुणांना पुरस्कार जाहीर करणारी आणि नंतर नोंदणी शुल्क, मानचिन्हाची किंमत अथवा समारंभाचा खर्च मागणारी पत्रे जिल्ह्याच्या गावी वरचेवर येतात. हजारो रुपये भरून घेतलेले असे मानपत्र घरातील भिंतीपलीकडे कोठेही उपयोगी पडत नाही. मॅगसेसे पुरस्कार, ‘अशोका’चे मानधन, ऱ्होड्स अथवा फुलब्राइट शिष्यवृत्ती यांपैकी कशासाठीही उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही. असे पत्र हाती पडल्यास संस्था कोणाची, निवड कोणी केली, यापूर्वीचे मानकरी कोण आणि आपल्या कामाची चौकशी करावयास कोणी आले होते काय, हे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत पैसे भरू नयेत.